तुझ्याच रानातलं

पोलादपूरच्या वर, गाडीरस्ता संपून पायवाट लागते तिथं हेदाची वाडी. या वाडीत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. पण वाडीच्या वरच्या टेकाडावरचं, टेपावरचं वारूळ एकट्या आपल्यालाच ठाऊक हाय, असं केरूची जनी समजून चालायची. खरं तर शेळ्या राखणाऱ्या पोरांनाही ते माहीत होतं. पण ज्या घरात अळंबीचा मान, त्या घरच्या वारुळाकडं दुसऱ्यानं बघायचं नाय. बघितलं तरी बोट दाखवायचं नाय. बोट दाखवलं की अळंबी सडते. म्हणून सगळे त्या बाजूनं जाताना मान वळवून जायचे, आणि जनीला वाटायचं, कुणाला काय कळलंय.

मान म्हणजे असा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वर्षाची पहिली अळंबी वाघजायच्या देवळात जाते. केरूच्या घरातून जाते, आणि टोपली घरच्या बाईच्याच डोक्यावर. मालोजी गुरव उंबऱ्यात नारळ घेऊन उभा ऱ्हातो आणि विचारतो, "कुठलं गो?" बाईनं म्हणायचं, "तुझ्याच रानातलं, आई." की मालोजी म्हणतो, "रानाचं रानाला, उरलं ते लेकरांला," आणि नारळ फोडतो. त्याशिवाय वाडीत कुणी अळंबीला हात लावत नाय. आणि एका वर्षी टोपली चुकली की मान उठला. तो मग प्रयागबाईच्या घरात जाणार. प्रयागबाई आणि जनीची सासू दोघी याच मानावरून जन्मभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. सासू मरताना जनीचा हात धरून शेवटचं काय बोलली असेल? लेकाला सांभाळ म्हणाली नाय. "टोपली चुकवू नको," म्हणाली.

चैत्र संपत आलेला. दुपारी राजू जेवायला घरी आला. राजू म्हणजे जनीचा लेक, वरच्या प्लॉटच्या साइटवर जेसीबी चालवतो. भाकरी मोडता मोडता तो बोलला, "आये, उद्यापास्नं वरच्या अंगाला मशीन लागनार."

जनीनं तव्यावरची भाकरी उलटली नाय. "वरच्या म्हंजे?"

"टेपावर."

"टेपावर कुठं?"

"सगळ्याच टेपावर. आता काय बोट दाखवू? सडंल ना तुजी अळंबी."

केरू मोरीवर हात धूत बसला. एवढे हात धुवायला त्यानं काय तूप खाल्लेलं नव्हतं. सुकटीचं कालवण होतं.

टेप सगळ्या भाऊबंदांचा, सामाईक. मुंबईवाल्यांनी फोनवरच सांगून टाकलं, "सेल करून टाकू, नायतरी तिथं काय पिकतंय." मग सगळे पोलादपूरला जाऊन सह्या करून आले. केरूनंही केली. त्या दिवशी तो जनीला हिरव्या बांगड्या घेऊन आलेला. लग्नानंतर पहिल्यांदा. तेव्हाच तिला कळायला पायजे होतं.

थंडीत झाडं गेली. ऐन, किंजळ, जांभळी, सगळी. खोडं ट्रकातून उतरली, फांद्यांचा कोळसा झाला. तेव्हा जनी काय बोलली नव्हती. झाड गेलं तर गेलं, वारूळ तर जमिनीत हाय, असं तिनं मनाशी धरलेलं.

"अवो," ती आता केरूला म्हणाली, "तुमी सही करताना वारूळ बाजूला काढून ठेवलंत ना?"

"कागदावर वारूळ नसतं गो," केरू म्हणाला आणि परत हात धुवायला लागला.

"मग राजू, तू सांग तुज्या सायबाला. तेवढा तुकडा सोड म्हनावं."

"मी कोन सांगनारा? मी नाय मारलं तर दुसरा येल मशीनवर. त्याला तर तुजं वारूळ काय नि दगड काय."

जनीची भाकरी करपली. तीच तिनं केरूच्या ताटात टाकली.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत ती टेपावर गेली. टेप कसला, सोललेला गुडघा. लाल, ओला दिसणारा, पण हात लावला तर तापलेला. पूर्वी इथं पाय ठेवला की वाळक्या पानांच्या पातेऱ्यात घोट्यापर्यंत जायचा. आता चपलेखाली नुसती खडी वाजत होती. हिरवी जाळी बांधून सुपरवायझर बसलेला, हर्षद त्याचं नाव, महाडचा. पोरगा वाईट नव्हता. उठून त्यानं तिला खुर्ची दिली. जनी बसली नाय. खुर्चीत बसून मागितलं तर कोण देतं?

"मावशी, तिथं क्लबहाऊस येणार आहे," तो म्हणाला.

"काय येनार?"

"म्हणजे लोकांना बसायला, खेळायला."

"मग वारुळाला वळसा घालून खेळा की. ते काय तुमचा चेंडू अडवनार हाय?"

तो हसला. मग हसायचं थांबला. "मावशी, ती वाळवी आहे. वाळवी असली तर प्लॉट कोण घेणार? उलट आम्हाला सगळ्या जमिनीला औषध मारायचंय." त्यानं मोबाइलवर तारीख बघितली. मग म्हणाला, "एक करा. माती हवी तर घेऊन जा तुम्ही. बाजाराच्या दिवसापर्यंत त्या बाजूला मशीन लावत नाही. किती पाहिजे तेवढी न्या."

आणि त्यानं तिला सिमेंटच्या रिकाम्या गोणी दिल्या. घ्यायला नको होत्या. डोंगर गेला आणि गोणी घेतल्या, असं झालं. पण चांगल्या गोणी कोण सोडतं? काखेत मारून ती खाली आली. वाटेत प्रयागबाई दारात बसलेली. पंचाहत्तरीची असेल, पण डोळे घारीचे.

"काय गो जने, सिमेट आनतंस? बंगला बांधायचाय?"

"तुमाला एक खोली ठेवते, काकी," जनी म्हणाली आणि थांबली नाय.

त्या मातीचं काय करायचं, ही अक्कल केरूची. त्याला आतून खात होतं, म्हणून सुचली. "आपन भाताचं काय करतो?" तो म्हणाला. "एका जाग्यावर रोप करतो, उपटतो, दुसऱ्या जाग्यावर लावतो. मरतं का? उलट जोर धरतं. तसंच ह्याचं. वारूळ उपटायचं, परसात फनसाखाली लावायचं."

जनीला पटलं की नाय कोण जाणे. पण दुसरं काय हातात होतं?

वारूळ तिच्या खांद्याएवढं. केरूनं पहार मारली तर ठण्ण वाजली, हाताला झिणझिण्या आल्या. वरचं कवच फुटायलाच सकाळ गेली. आत मात्र मऊ. भोकं, भुयारं, आणि मध्ये पोकळीत पोळ्यासारखे गड्डे, मधाच्या पोळ्यासारखेच, पण पिवळट, ओलसर, हातात घेतले तर स्पंजासारखे दबणारे. त्यांच्यावर पांढरे टिपके, खसखस सांडल्यागत. वास ओल्या कोंड्याचा. इतकी वर्षं जनीनं वरची छत्री खुडली, खाली हे असलं काही असेल असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं. कुणाच्या घरात न विचारता घुसल्यासारखं तिला झालं. तिनं पदर डोक्यावर घेतला.

वाळव्या पायावर चढल्या, घोट्याला चावल्या. केरूनं आणखी खाली हात घातला आणि एक मातीचा घट्ट लाडू बाहेर काढला. फोडला तर आत अंगठ्याएवढी पांढरी, फुगलेली, हलता न येणारी एक बया.

"ही कोन?"

"रानी असंल."

"हिला पन न्यायची?"

"मग? घरमालकीण सोडून घर कसं नेनार?"

केरूनं ती जेवणाच्या डब्यात ठेवली, झाकण लावलं. मग गोणी भरल्या. जनी डोक्यावर चुंबळ ठेवून घमेली वाहत ऱ्हायली. वैशाखाचं ऊन, वर सावलीला एक झाड नाय, माती घामात मिसळून कानामागून गळ्यात उतरायची. तिसऱ्या फेरीला तिची मान अशी अवघडली की घमेलं उतरवलं तरी डोकं वर होईना. राजू लांबून मशीनवरून बघत होता. मशीन बंद करून तो आला, एक गोणी त्यानं खांद्यावर घेतली आणि वाडीपर्यंत आणून टाकली.

परसातली जागा जनीनं आदल्या दिवशीच तयार करून ठेवलेली. रोप टाकायचं म्हणजे आधी राब, हे काय कुणी शिकवावं लागतं? शेण पसरलं, त्यावर टहाळ, त्यावर पातेरा, वरून बारीक माती, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवून दिलं. चांगला भाजला राब. जमीन काळीशार झाली, किडा-मुंगी, तणाचं बी, सगळं साफ. जनीला बरं वाटलं. भाताच्या रोपाला करते त्याहून जास्त टहाळ तिनं वापरलेला. मानाचं रोप ते.

निवलेल्या राखेत खड्डा करून तिनं ते गड्डे एकेक, अंडी ठेवावी तसे ठेवले. केरूनं डबा उघडला. राणी मऊ पडलेली, एका अंगाला काळसर. केरूनं जनीकडं पाठ केली आणि ती मातीत सारली. जनीनं बघितलेलं. वर पेंढा घातला, पाणी शिंपडलं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी टेपावर मशीन वाजलं. घरी आल्यावर राजू नुसतं म्हणाला, "बेस खोल होतं गो ते." त्यानंतर पाठीवर पंप घेतलेली माणसं वर औषध मारत फिरली. वास वाडीपर्यंत आला. गोड होता.

मग पाऊस आला, आणि नांगरणी, चिखलणी, लावणी, कुणाला मान वर करायला वेळ ऱ्हायला नाय. टेपावरचं पाणी पूर्वी झिरपत यायचं, या वर्षी लाल होऊन धावत आलं आणि केरूच्या वरच्या चोंढ्याचा, भाताच्या खाचराचा, बांध घेऊन गेलं. तो घालण्यात आठवडा गेला. जनी दिवसभर वाकून लावणी करायची, आणि सकाळी उठल्या उठल्या, तोंडात पाणीसुद्धा घ्यायच्या आधी, परसात जाऊन पुन्हा वाकायची. फणसाखाली काळी माती, त्यावर पेंढा कुजत चाललेला. पेंढा उचलून बघायची, परत ठेवायची. बोट दाखवायची नाय. हाताची मूठ करून जायची, चुकूनसुद्धा बोट सुटायला नको म्हणून.

एका दिवशी लावणी चालू असताना एक मुलगी बांधावर आली. रेनकोट, पायात गमबूट, पाठीला सॅक. अनुपमा, महाडच्या कॉलेजातली, मातीचा अभ्यास करते म्हणाली. टेपावरची माती घेऊन आलेली आणि आता वाघजायच्या देवळाभोवती जी काही झाडं ऱ्हायली होती, तिथली घेऊन. दोन पिशव्या तिनं बांधावर ठेवल्या.

जनीनं चिखलाचा हात कमरेला पुसला. "बाय, दोनीत फरक काय?"

अनुपमा उकिडवी बसली. देवळाकडची माती तिनं मुठीत घेऊन उघडली. ढेकळाला केसाहून बारीक पांढरे धागे लागलेले. "ही बुरशी आहे, काकू. झाडांच्या मुळांना धरून असते. टेपावरच्या मातीत मला काहीच दिसलं नाही."

"म्हंजे अळंबीचं मूळ?"

"तुमची वारुळावरची अळंबी वेगळी. ती वाळव्या सांभाळतात, आत पोळ्यात. पण वर झाडं असली, पाला पडला, तर वाळव्यांना खायला."

"पोळं मी आनलंय," जनी पटकन म्हणाली. "परसात लावलंय. बघून सांग कदी येल ते."

लावणी टाकून ती तिला घेऊन आली. अनुपमानं पेंढा बाजूला केला, माती चिमटीत घेतली, वास घेतला. मग तिनं जनीकडं बघितलं. "इथं आधी जाळ केला होतात?"

"राब भाजला की. चांगला भाजला."

मुलीनं चिमटीतली माती परत टाकली. पेंढा जसा होता तसा तिनं ठेवला, कडा दाबून.

"काय झालं? चुकलं का?"

"नाही काकू. नसतं भाजलं तरी... सांगता येत नाही. असं नेलेलं सहसा जगत नाही." मग जनीचं तोंड बघून म्हणाली, "चांगलं केलंत तुम्ही. बघा वाट."

हे असलं 'चांगलं' जनीनं एकदा ऐकलेलं, सासूला महाडच्या दवाखान्यातून घरी न्यायला सांगितलं तेव्हा. ती परत शेतात गेली आणि रोपांचा आवा लावायला लागली. तिची ओळ वाकडी जात होती. केरूनं बघितलं.

पंचमीला वाडीतल्या बाया दूध-लाह्या घेऊन निघाल्या आणि पायवाटेवर थांबल्या. दर वर्षी टेपावर जायच्या, न बघितल्यासारखं करत का होईना. आता कुठं जायचं? एकमेकींकडं बघत बघत त्या जनीच्या परसात शिरल्या. त्या काळ्या मातीला हळद-कुंकू वाहिलं, दूध घातलं. एकीचं पोर म्हणालं, "आये, हितं नाग नाय, राख हाय." तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. जनी दाराआड उभी होती. बाहेर आली नाय.

त्या दुपारी केरू परसातून ओरडतच आला. "आलं गो! जने, आलं!"

जनी धावली. पेंढ्यातून खरंच छत्र्या वर आलेल्या, पुंजक्यानं, दूध घातलं होतं तिथंच बाजूला. गुडघे टेकून ती बसली. मूठ उघडून एका छत्रीला दोन बोटांत धरलं आणि ओढलं. अळंबीला खाली लांब मूळ असतं, वारुळात पार खोल जाणारं, ओढताना हाताला कळतं की खाली कुणीतरी धरून ठेवलंय. हे नुसतं निघून आलं. काडीएवढं, पोकळ. बोटं काळी झाली.

"कुत्र्याची छत्री," ती म्हणाली.

"पांडरी हाय की."

"राखेवर येते ती."

"टोपलीत वरनं पान टाकलं तर कोनाला..."

"मालोजीची नातवंडं पयला घास खातात. त्यांला घालू हे?"

केरूनं पायानं त्या छत्र्या मोडायला सुरुवात केली, एकेक करून, आणि जनीनं त्याला मोडू दिल्या.

तेवढ्यात मेणकापड डोक्यावर घेऊन, काठी टेकत, प्रयागबाई परसात आली. या घराची पायरी ती जनीच्या लग्नानंतर कधी चढली नव्हती. जनीला वाटलं, आली म्हातारी, मानाच्या वासानं.

"आलं का काय?" प्रयागबाईनं विचारलं.

"नाय आलं. उद्या तुमीच न्या टोपली. झालं ना मनासारकं?"

प्रयागबाईनं मोडलेल्या छत्र्या काठीनं उलटवून बघितल्या. "मी कुठनं नेऊ? माजं वारूळ वड्याच्या कडंला. वरची सगळी लाल माती येऊन त्याच्यावर बसली. माज्या कमरेएवढी. आठवडा झाला उकरतेय मी." तिच्या नखांत खरंच लाल माती होती. "म्हनून तर आले. जने, मान माज्या घरात येऊ देऊ नको गो. कायतरी ने. काय बी ने."

जनीला भांडायचं होतं. इतक्या वर्षांचं भांडण जिभेवर तयार होतं, सासूचं धरून. पण समोर भांडायला कुणी नव्हतं. तिनं म्हातारीला बसायला पाट दिला. चहा टाकला.

संध्याकाळी राजू पोलादपूरहून आला आणि त्यानं चुलीपुढं एक डबी ठेवली. प्लास्टिकची, वरून ताणून पारदर्शक कागद लावलेली. आत गोल, पांढरी, एका मापाची मशरूम, बटणासारखी.

"ही पन अळंबीच हाय ना," तो म्हणाला. आईकडं न बघता म्हणाला.

जनीनं डबी उलटी-सुलटी केली. गार होती. "हिला माती कशी नाय लागलेली?"

"धुऊन देत असतील."

सकाळी तिनं अंघोळ केली, नवं लुगडं नेसली, टोपलीत हळदीची पानं अंथरली आणि त्यावर ती बटणं मांडली. टोपली भरेना, म्हणून खाली आणखी पानं घातली. हिरव्या बांगड्या घालायला घेतल्या आणि परत फळीवर ठेवल्या. केरू पुढं, राजू मागं, ती मध्ये. पाऊस बारीक लागलेला. वाडी देवळापुढच्या सहाणेच्या दगडी चौथऱ्याभोवती उभी होती. सगळ्यांनी टोपलीत बघितलं. सगळ्यांनी मान वळवली, टेपावर वळवायचे तशी.

मालोजी उंबऱ्यात नारळ घेऊन उभा होता. त्यानंही बघितलं. पण त्याचं काम विचारायचं.

"कुठलं गो?"

जनीनं तोंड उघडलं. शब्द तोंडात होते, सासूनं शिकवलेले, दर वर्षी म्हटलेले. मालोजीच्या खांद्यावरून तिला आतली वाघजाय दिसत होती, शेंदराची, चांदीच्या डोळ्यांची. देवळाच्या छपरावरून मागचा टेप दिसत होता. लाल.

"कुठलं गो?" मालोजीनं परत विचारलं. उत्तर येईपर्यंत विचारायचंच असतं.

राजू मागून हळू म्हणाला, "बोल ना आये. नेमीचं बोल."

टोपली डोक्यावर असून काही वजनच लागत नव्हतं.

"कुठलं गो?"

"दुकानातलं," जनी म्हणाली.

कुणी हसलं नाय. मालोजीचा नारळाचा हात वर गेला आणि तिथंच थांबला. पुढचं त्याला बोलायचं होतं, रानाचं रानाला, पण ते या उत्तराला लागत नव्हतं, आणि दुसरं त्याच्या बापानं त्याला शिकवलेलं नव्हतं. त्यानं जनीकडं बघितलं, केरूकडं बघितलं. केरू अंगठ्यानं पायाखालची माती उकरत होता. पाणी मालोजीच्या कोपरावरून टपटप गळत होतं.

"फोड रे नारळ," शेवटी प्रयागबाई म्हणाली. "पोरं भिजतायत."

मालोजीनं काही न बोलता नारळ फोडला. नारळ चांगला निघाला. पोरांना खोबरं वाटलं, मशरूम शिजवून द्रोणात घातलं, सगळ्यांनी खाल्लं. मालोजीच्या धाकट्या नातवानं द्रोण चाटून आणखी मागितलं. जनीनं आपलं त्याला दिलं. मग रिकामी टोपली तिनं दगडावर पालथी आपटली, दर वर्षी आपटते तशी, चिकटलेली माती पडावी म्हणून. काही पडलं नाय.